हिशेब मागणारी माणसे

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरात कपाटे रिकामी होतात. गेल्या वर्षी त्या उलथापालथीत माझे एक जुने पासबुक निघाले. शाळेने पगारासाठी दुसरी बँक धरली, तेव्हापासून या खात्याकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते. सौभाग्यवतींनी शेवटचे पान उलटले आणि त्यांचा चेहरा उजळला. “अहो, बाराशे चाळीस रुपये आहेत की यात! भाजणीचा आणि तेलाचा खर्च निघाला,” असे म्हणून त्यांनी मला चहासुद्धा पुरता पिऊ न देता बँकेत पिटाळले.

बँकेच्या खिडकीवर माझाच एक जुना विद्यार्थी बसला होता. “या गुरुजी,” म्हणून त्याने पासबुक यंत्रात घातले. यंत्राने कर्र कर्र करीत सहा ओळी छापल्या. दर तीन महिन्यांना एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत ३५४ रुपये वजा. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून तीनशे, आणि त्यावर कर चोपन्न. चौथ्या ओळीतच माझी शिल्लक संपून खाते शून्याच्या खाली गेले होते. पुढच्या दोन ओळींनी ते आणखी खाली ओढले होते. शेवटचा आकडा होता उणे ८८४.

“गुरुजी,” तो ओशाळून म्हणाला, “खाते ओव्हरड्रॉ झाले आहे. बंद करायचे तर आठशे चौऱ्याऐंशी रुपये भरावे लागतील.”

बाराशे चाळीस आणायला गेलो होतो, आठशे चौऱ्याऐंशीचा देणेकरी होऊन परत आलो. घरी सभा भरली. सौभाग्यवती म्हणाल्या, “पैसे आपले, ठेवले आपण, आणि वर आपणच देणे लागतो? हा कुठला हिशेब? परत मागा.” थोरले बंधू फराळाच्या निमित्ताने आले होते. त्यांनी मान हलवली. “सोडून दे. एवढ्याशा रकमेसाठी बँकेशी वाकडे कशाला? उद्या पोरीच्या शिक्षणाला कर्ज लागले तर दार कोणाचे वाजवणार आहेस?” कन्या बारावीत आहे. दादांचे बोलणे वाऱ्यावर सोडण्यासारखे नव्हते.

मागावे की सोडावे? कायद्याचे तर मला काहीच कळत नाही. पण मास्तराला एक सवय असते. निर्णय होत नसला की तो इतिहासाचे पुस्तक उघडतो. हा जो ‘ओव्हरड्रॉ’ शब्द माझ्या कपाळी आला, तो आला कुठून, आणि माझ्या आधी या प्रश्नापाशी कोण कोण अडले होते, हे पाहावे असे मी ठरवले. सुट्टीचे दिवस त्यात गेले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

ओव्हरड्राफ्टची जन्मकथा मोठी सात्त्विक आहे. स्कॉटलंडात एडिंबरो शहरी १७२७ साली रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड ही पेढी निघाली. पुढच्याच वर्षी, १७२८ मध्ये, विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्याला तिने आपल्या शिलकेपेक्षा हजार पौंडांपर्यंत अधिक रक्कम काढण्याची मुभा दिली. व्यापाऱ्याची अडचण आपल्याकडच्या कोणाही दुकानदाराला समजेल अशीच होती. माल आज द्यावा लागतो, वसुली महिन्यांनी होते, आणि मधल्या काळात देणेकऱ्यांचा तगादा काही थांबत नाही. या मुभेमुळे तो मधला काळ सुखाने पार पडू लागला. ॲडम स्मिथने आपल्या १७७६ च्या प्रसिद्ध ग्रंथात स्कॉटिश बँकांच्या अशा खात्यांचे सविस्तर वर्णन केले आहे. जेवढे उचलले तेवढ्यावरच व्याज, आणि परतफेड हाताला येईल तशी थोडी थोडी.

म्हणजे मुळात ओव्हरड्राफ्ट ही मागून घेतलेली आणि बोलून ठरवलेली उसनवारी होती. शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तशी. माझ्यासारख्याच्या नशिबी येतो तो तिचा दुसरा अवतार. हा कोणी मागत नाही आणि कोणी ठरवीत नाही. खाते हळूच शून्याखाली सरकते आणि मग त्या सरकण्याचीही किंमत लागते.

या दुसऱ्या अवताराचा मोठा तमाशा झाला तो इंग्लंडात, आणि तोही अलीकडे. १९८४ साली तिथल्या मिडलंड बँकेने एक नवा पायंडा पाडला. खात्यात शिल्लक असेल तर रोजच्या व्यवहाराला एक पैही आकार नाही! स्पर्धेपोटी बाकीच्या बँकांनाही तेच करावे लागले. लोक खूष झाले. परंतु बँका काही धर्मशाळा नव्हेत. चेकबुके, शाखा, नोकरचाकर यांचा खर्च कुठून तरी निघायचाच. तो काही अंशी निघू लागला ज्यांचे खाते महिन्याच्या शेवटी शून्याखाली जाई त्यांच्याकडून. दोन पौंड कमी पडले म्हणून एखादा हप्ता परत गेला, तरी तीस-पस्तीस पौंडांचा आकार पडे. त्या आकाराने खाते आणखी खाली जाई, की पुढचा हप्ता परत, पुन्हा आकार. २००६ या एका वर्षात ब्रिटिश बँकांना अशा आकारांतून अडीच अब्ज पौंडांहून अधिक मिळाले. ज्याच्यापाशी शिल्लक आहे त्याचे खाते फुकट, आणि त्या फुकटचे बिल ज्याच्यापाशी नाही त्याच्या नावे!

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तिथल्या रास्त व्यापाराच्या सरकारी खात्याने, ज्याला ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग म्हणत, क्रेडिट कार्डांपुरते असे जाहीर केले की हप्ता चुकल्याबद्दल बारा पौंडांपेक्षा अधिक आकार लावला तर तो अन्याय्य आहे असे आम्ही धरून चालू. ते ऐकताच बचतीच्या आणि रोजच्या खात्यांवाले जागे झाले. कार्डाला न्याय, मग आम्हांला का नाही? १९९९ च्या नियमांप्रमाणे ग्राहकावर लादलेली अन्याय्य अट बंधनकारक ठरत नसे. या नियमांचा आधार लोकांनी घेतला. दहा पौंड फी भरली की बँकेला खात्याची जुनी माहिती द्यावी लागे, आणि दावा सहा वर्षे मागेपर्यंत लावता येई. लोकांनी उतारे मागवले, लाल पेन्सिलीने आकारांखाली रेघा ओढल्या, बेरजा केल्या आणि बँकांना पत्रे लिहिली. वर्तमानपत्रे पत्रांचे नमुने छापू लागली. बँकेने नकार दिला तर लहान दाव्यांच्या कोर्टात अर्ज. तिथे वकिलाची गरज नसे.

मौज अशी की, बँका कोर्टाच्या पायरीपर्यंत नकार देत आणि पायरीवर आल्या की पैसे देऊन टाकीत. मात्र चूक कबूल न करता, ‘सदिच्छेपोटी’. निकालच लागू नये, ही त्यामागची युक्ती.

माझा एक मावसभाऊ त्या काळी लेस्टर शहरात एका कारखान्यात होता. त्याने मला फोनवर सारी हकिकत सांगितली. त्याच्या खात्यातून पाच वर्षांत चारशे दहा पौंड असे गेले होते. “तुला भीती नाही वाटली?” मी विचारले. तो म्हणाला, “वाटली ना. दावा लावणाऱ्यांची खाती बंद केल्याच्या बातम्या येत होत्या. बायको रोज म्हणायची, नको ते. मी आधी दुसऱ्या बँकेत एक खाते उघडले, पगार तिकडे वळवला, आणि मग पत्र टाकले.” तीन महिन्यांनी, २००७ च्या वसंतात, त्याला पूर्ण रक्कम मिळाली. त्याच्याच खात्यातला एक सहकारी म्हणाला, “आता मोठ्या कोर्टात काय होते ते पाहू, मग मी मागेन.” तो थांबला.

त्या थांबण्याचे पुढे काय झाले, तो या कथेचा कळीचा भाग आहे. मे २००७ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका कोर्टात एक ग्राहक हरला. जुलैमध्ये सरकारी खाते आणि आठ मोठ्या वित्तसंस्था यांनी मिळून ठरवले की एकदाच कसोटीचा दावा चालवावा. तोवर बाकीच्या तक्रारी जागच्या जागी थिजवण्यात आल्या. वाद वरवर पाहता शब्दाचा होता. बँकेने घेतलेला हा पैसा दंड की किंमत? दंड म्हटला तर नुकसानीच्या मानाने तो फार आहे का, असे विचारता येते. किंमत म्हटली की त्या नियमांप्रमाणे कोर्टाने ती महाग की स्वस्त हे पाहायचे नाही. कापडवाल्याने वाराला काय भाव लावावा हे न्यायाधीशाने सांगू नये, तसेच.

एप्रिल २००८ मध्ये हायकोर्टाने सांगितले की हा कायद्याच्या भाषेतला दंड नव्हे, तरी तो न्याय्य आहे की नाही हे तपासता येईल. फेब्रुवारी २००९ मध्ये अपिलातही तेच मत टिकले. लोकांना वाटले, जिंकलो. परंतु २५ नोव्हेंबर २००९ रोजी सुप्रीम कोर्टाने खालचा निकाल फिरवला. हे सुप्रीम कोर्टच तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते सुरू झाले होते. पाचही न्यायाधीश एकमताने म्हणाले की खाते चालवण्याच्या सबंध सेवेचे जे मोल बँक घेते, त्याचाच हे आकार एक भाग आहेत, म्हणून या मार्गाने त्यांच्या रास्तपणाची चौकशी होऊ शकत नाही. डिसेंबरात सरकारी खात्याने हात टेकले. थिजवून ठेवलेल्या तक्रारी बहुतेक निकालात निघाल्या. फारच ओढग्रस्तीत असलेल्यांची दाद घेण्याची वाट तेवढी उघडी राहिली. लेस्टरच्या त्या सहकाऱ्याला काही मिळाले नाही.

इथे पुस्तक मिटले असते तर दादांचेच म्हणणे खरे ठरले असते. पण कथा इथे संपत नाही. इतक्या लोकांनी हिशेब मागितला होता की तो प्रश्न आता कोणाला झाकता येईना. कोर्टाने दार लावले तरी नियम करणाऱ्यांच्या टेबलावर तो पडूनच राहिला. अखेर तिथल्या वित्तव्यवहार नियंत्रकांनी २०१९ मध्ये नियम काढला, आणि ६ एप्रिल २०२० पासून ओव्हरड्राफ्टवरचे ठोक आकार बंद झाले. घ्यायचे तर साधे वार्षिक व्याज, आणि न ठरवता शून्याखाली गेलेल्याला ठरवून गेलेल्यापेक्षा महाग दर लावायचा नाही. बँकांनी मग व्याजच शेकडा चाळिसाच्या आसपास नेऊन ठेवले, हेही सांगितले पाहिजे. तरी पण दोन पौंडांच्या तुटीला तीस पौंड, हा प्रकार संपला.

आकाराने खाते खाली, खाली गेले म्हणून पुन्हा आकार, हे वाचता वाचता मला सारखे वाटू लागले की ही गोष्ट मी आधी कुठे तरी शिकवली आहे. आणि एकदम आठवले. नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर मी कितीदा तरी लिहिले होते: सुपे, १२ मे १८७५.

पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजाराच्या दिवशी कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांची घरे गाठली. पाठ्यपुस्तकात आपण याला दख्खनचा दंगा म्हणतो. परंतु त्या दंग्याचे एक वैशिष्ट्य मुलांना सांगायचे राहून जाते. पुणे-नगरच्या गावागावांतून जे लोक उठले, त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे द्या, वह्या द्या. मिळाले की होळी. सरकारच्या चौकशी मंडळानेही हेच नमूद केले.

कागदांवर एवढा राग का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू असा की जुन्या व्याजाचे डोंगर साचू नयेत. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल, आणि त्यावर नवे व्याज. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा हे खपून गेले. भाव कोसळले, वर सरकारने साऱ्याचे दर चढवले, आणि कुणब्याच्या हाती उरला तो न वाचता अंगठा दिलेला कागद. आपल्या जुन्या हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करायचे नाही. मुंबई इलाख्यातली कोर्टे तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानीतही. पण दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल होऊन बसले, तर दुप्पट मोजायची कुठून?

लेस्टरच्या कामगाराने लाल पेन्सिलीने जी बेरीज केली, ती करण्याची सोय सुप्याच्या कुणब्याला नव्हती. वही सावकाराची, अक्षर सावकाराचे, कोर्टाची भाषा परकी. हिशेब मागता येत नाही, तेव्हा माणूस हिशेब जाळतो.

त्याची किंमत अनेकांना तुरुंगवासाने मोजावी लागली. पण त्यातून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी तो होता. त्यातल्या दोन गोष्टी वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवले आणि गप्प बसलो. पहिली ही की, रोख्यावर काय लिहिले आहे तेवढ्यावर न थांबता, कोर्टाने व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे, मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळे काढावे. आणि दुसरी अशी की, शेतकऱ्याने मागितले तर सावकाराने त्याला पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, आणि त्याच्यापाशी राहील अशा पासबुकात खाते उतरवून द्यावे. पासबुक! जी चोपडी आम्ही कपाटाच्या तळाशी टाकून विसरलो होतो, ती हाती यावी म्हणून आमच्याच मुलखातल्या माणसांना केवढा मार्ग चालावा लागला होता.

मग मी माझे पासबुक पुन्हा समोर घेतले आणि या वेळी ते मास्तराच्या नजरेने वाचले. कन्येने मोबाईलवर रिझर्व्ह बँकेचा नियम शोधून दिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये काढलेला, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेला. किमान शिल्लक घटली तर बँकेने ग्राहकाला आधी कळवावे, निदान महिन्याची मुदत द्यावी. आणि केवळ या आकारणीमुळे बचत खाते शून्याखाली जाता कामा नये. म्हणजे उणे ८८४ हा आकडा मुळातच माझ्या पासबुकात येऊ नये असा होता.

पण प्रामाणिकपणे पाहिले तर दुसरी बाजूही होती. बँकेने संदेश पाठवले असणार ते माझ्या जुन्या फोनवर. तो क्रमांक मी तीन वर्षांपूर्वी सोडला आणि बँकेला कळवला नाही. शून्यापर्यंत गेलेले बाराशे चाळीस रुपये बऱ्याच अंशी माझ्या आळसाची फी होती. इंग्लंडातल्या त्या लाटेतही काही जण अशीच गल्लत करीत होते. जे कायद्याने येते आणि जे मन दुखावल्यामुळे मागावेसे वाटते, ते एकाच पत्रात कोंबीत. मागणाऱ्याने आधी आपलाच हिशेब नीट मांडला पाहिजे.

मी एका पानाचे पत्र लिहिले. नियमाचा आधार देऊन उणे ८८४ रद्द करावे ही मागणी. संदेश कोणत्या तारखांना पाठवले ते कळवावे ही विनंती. आणि बाराशे चाळीस रुपयांपैकी काही परत देणे बँकेला शक्य वाटले तर आभारी होईन, अशी शेवटची ओळ. दादांनी पत्र वाचले आणि विचारले, “आणि त्यांनी मनात धरले तर?” मी म्हणालो, “दादा, नम्रपणे हिशेब विचारणाऱ्याला जी बँक मनात धरील, तिच्याकडून पोरीसाठी कर्ज घेताना मला जास्त भीती वाटेल.” दादा काही बोलले नाहीत; पण पत्राची पोच घ्यायला विसरू नकोस, एवढे मात्र बजावून गेले. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, हे मी पत्राच्या कोऱ्या बाजूला आपल्या आठवणीसाठी लिहून ठेवले होते. तितकी वेळ आली नाही. सतराव्या दिवशी बँकेने ८८४ रुपये रद्द केले, संदेशांच्या तारखा कळवल्या, आणि खाते बंद करून दिले. बाराशे चाळीसपैकी काही आले नाही. त्या तारखा खऱ्या होत्या, तेव्हा माझीही तक्रार उरली नाही.

माझा विद्यार्थी पासबुकावर ‘खाते बंद’ असा शिक्का मारताना हळूच म्हणाला, “गुरुजी, तुमचे पत्र आल्यावर साहेबांनी अशी आणखी खाती काढायला सांगितली आहेत.” किती निघाली, हे मी विचारले नाही. पण लेस्टरच्या त्या थांबलेल्या सहकाऱ्याची आठवण मला तेव्हा झाली.

भाजणीचे तेल पगारातूनच आले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी चौरंगावर नव्या बँकेचे पासबुक ठेवले, आणि शेजारी ते शिक्का मारलेले जुनेही ठेवले. आमच्या आजोबांकडे वहीपूजन होत असे. कुंकवाचे बोट लावून वही कपाळाला लावीत आणि मिटून ठेवीत. आम्ही या वेळी पूजा झाल्यावर नवी चोपडी उघडली आणि तिघांनी मिळून पहिल्या ओळीपासून वाचली. एका ठिकाणी कन्येने बोट ठेवून विचारले, “बाबा, हे अठरा रुपये कसले?” मला सांगता आले नाही. पाडवा झाला की विचारून येणार आहे.